खाट हवी की खोली?
बरुआसागरच्या वाटेवर स्वस्त मुक्कामाचा हिशेब

दिवाळीच्या सुट्टीत झाशी, ओरछा आणि जमले तर खजुराहो, असा बेत अनेक मराठी घरांतून आखला जातो. रेल्वेची तिकिटे साठ दिवस आधी, खिडकी उघडताच काढली जातात. डब्यात काय न्यायचे, यावरही चर्चा होते. मुक्कामाचे मात्र 'तिथे गेल्यावर बघू' एवढ्यावरच भागवले जाते. मग अनोळखी स्टेशनवर, हातात बॅगा आणि कडेवर पेंगुळलेले मूल घेऊन, रिक्षावाला नेईल त्या लॉजचा जिना चढावा लागतो. तो सांगेल ते भाडे मुकाट्याने द्यावे लागते, कारण रात्री अकरा वाजता घासाघीस करायचे त्राण कोणात उरलेले नसते.

याच घरातली मुलगी किंवा मुलगा शिक्षणासाठी जर्मनीला गेलेला असला, तर तो सुट्टीत प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट फिरून येतो आणि अगदी कमी पैशांत होस्टेलमध्ये राहून येतो. त्याची पद्धत आईवडिलांना अजब वाटते. 'आठ अनोळखी माणसांच्या खोलीत झोपलास?' हा प्रश्न फोनवर हमखास येतो. पण ही मुले मुक्काम कसा निवडतात ते नीट पाहिले, तर त्यातले बरेचसे झाशी-बरुआसागरच्या प्रवासालाही उपयोगी पडेल असे आहे. जे उपयोगी नाही, तेही समजून घ्यायला हवे. कारण होस्टेल खाट विकते आणि आपल्याकडची धर्मशाळा किंवा लॉज खोली देते. स्वस्त मुक्कामाचे सगळे गणित या एका फरकावर उभे आहे.

एका शिक्षकाची कल्पना

होस्टेलची कल्पना रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाची. १९०९ साली तो आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाला असता वाटेत जोरदार वादळ झाले आणि सर्वांना एका शाळेत गवतावर रात्र काढावी लागली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग तिथे मुलांच्या झोपण्याची सोय का करू नये, असे त्याला वाटले. १९१२ साली आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात पहिले युवा वसतिगृह सुरू झाले. पुढे १९३२ साली अ‍ॅमस्टरडॅम येथे अशा संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. आपल्याकडची यूथ होस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया या संघाशी संलग्न आहे. तिचे सभासदत्व घेतलेल्याला परदेशातील संलग्न वसतिगृहांतही सभासदाच्या दराने राहता येते. गिर्यारोहणाच्या शिबिरांमुळे महाराष्ट्रात ही संस्था तशी परिचयाची आहे, पण तिच्या कार्डाचा हा उपयोग फारसा कोणाला ठाऊक नसतो.

आज युरोपात बहुतेक होस्टेले खासगी मालकीची आहेत. खोलीत चार ते बारा खाटा, एकावर एक. सामान ठेवायला लॉकर, पण कुलूप आपले. टॉवेलचे अनेक ठिकाणी वेगळे पैसे. स्वयंपाकघर सर्वांसाठी खुले, त्यामुळे वरणभाताची सोय होते. काही शहरांत माणशी दर रात्रीचा नगरपालिकेचा कर वेगळा भरावा लागतो आणि तो बुकिंगच्या रकमेत धरलेला असेलच असे नाही. खाटेचा दर रोज बदलतो. शुक्रवार-शनिवार महाग, आठवड्याच्या मधले दिवस स्वस्त. खोलीत खाटा जितक्या जास्त तितका दर कमी. मुलींसाठी वेगळी खोली अनेक ठिकाणी असते, पण ती मुद्दाम निवडावी लागते. न निवडल्यास सरमिसळ खोली मिळते. आयांनी काळजी करण्यापेक्षा मुलीला एवढे एक वाक्य आधी सांगितले तर अधिक बरे.

आणखी एक गोष्ट. शेंगेन व्हिसासाठी अर्ज करताना राहण्याची सोय कुठे केली आहे ते दाखवावे लागते आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमाही लागतो. म्हणून आपली मुले आधी रद्द करता येईल असेच बुकिंग करतात. दर थोडा जास्त पडतो, पण व्हिसा नाकारला गेला तर पैसे बुडत नाहीत. 'रद्द करता येते का आणि कोणत्या तारखेपर्यंत' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. आपण मात्र तो सहसा विचारतच नाही.

तलावाकाठचे गाव

आता बरुआसागरकडे वळू. झाशीहून खजुराहोच्या रस्त्याने सुमारे २४ किलोमीटरवर हे गाव आहे. ओरछ्याचा राजा उदितसिंह याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे बांध घालून मोठा तलाव केला. काठच्या टेकडीवर त्याने बांधलेला किल्ला आजही उभा आहे. वर गेले की सगळे पाणी एका नजरेत येते. गावाच्या अलीकडे जराई का मठ हे नवव्या शतकातले प्रतिहारकालीन मंदिर आहे. त्याच्या दारावरचे कोरीवकाम पाहायला तास दीड तास हाताशी ठेवावा. स्वर्गाश्रमाचा झरा आहे. १७४४ साली मराठे आणि बुंदेले यांची लढाई इथेच झाली. आले आणि हळद ही इथल्या बाजाराची ओळख. एवढे सगळे असूनही खजुराहोला जाणाऱ्या बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत. हे गावाच्या दृष्टीने वाईट आणि शांतता हवी असणाऱ्याच्या दृष्टीने चांगले.

पण राहायचे कुठे? बरुआसागर लहान गाव आहे, इथे हॉटेलांची रांग नाही. उत्तर प्रदेश पर्यटन महामंडळ 'राही' या नावाने पर्यटकगृहे चालवत आले आहे आणि तलावाकाठीही त्यांची वास्तू आहे. मात्र अशी पर्यटकगृहे कधी दुरुस्तीसाठी बंद असतात, तर कधी खासगी चालकाकडे दिलेली असतात. म्हणून महामंडळाकडून खात्री करून घेतल्याशिवाय तिच्या भरवशावर जाऊ नये. सर्वसाधारण प्रवाशाला मुक्कामाची दोनच ठिकाणे उरतात, झाशी आणि ओरछा.

झाशीत सर्वांत स्वस्त आणि सोपी सोय म्हणजे स्टेशनवरची विश्रांतिगृहे. स्टेशनचे नाव २०२१च्या अखेरीस वीरांगना लक्ष्मीबाई झाशी असे झाले आहे, तेव्हा संगणकावर शोधताना गोंधळू नये. विश्रांतिगृहात खोलीही मिळते आणि सामुदायिक दालनात नुसती खाटही मिळते. म्हणजे आपल्या रेल्वेचे हे होस्टेलच म्हणायचे! आयआरसीटीसीवर त्याचे आरक्षण होते, पण त्यासाठी प्रवासाच्या तिकिटाचा पीएनआर क्रमांक लागतो. एकट्याने फिरणाऱ्याला किंवा पहाटेची गाडी पकडायची असणाऱ्याला यासारखी सोय नाही. चार जणांच्या कुटुंबाने मात्र दोन दिवस तिथे काढायचा विचार करू नये. गाड्यांच्या घोषणा रात्रभर कानावर येत राहतात.

ओरछा मध्य प्रदेशात आहे, झाशीहून जेमतेम १८ किलोमीटर. नकाशा नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. झाशीहून बरुआसागरला जाणाऱ्या रस्त्यावरच ओरछ्याचा फाटा लागतो. म्हणजे ओरछ्यात राहून बरुआसागरला जाणे, हे झाशीहून जाण्यापेक्षा दूरचे नाही. ओरछ्यात किल्ल्याच्या आत मध्य प्रदेश पर्यटनाचे शीशमहल हॉटेल आहे, ते स्वस्तात मोडत नाही. पण गावात साधी लॉजेस आहेत, धर्मशाळा आहेत आणि काही कुटुंबे आपल्या घरातली खोलीही पाहुण्यांना देतात. घरगुती जेवण आणि सकाळी बेतवेचा काठ, या दोन गोष्टींचे मोल भाड्याच्या पावतीत दिसत नाही.

कागद-पेन्सिल घ्या

समजा, चार जणांचे कुटुंब आहे आणि दोन रात्रींचा मुक्काम आहे. पुढचे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी आहेत, आपण त्या दिवशीचे खरे दर घालावेत. झाशीत खोली ९०० रुपयांना मिळाली, तर दोन रात्रींचे १,८०० झाले. एक दिवस ओरछ्याला जाऊन येण्याची गाडी १,००० आणि दुसऱ्या दिवशी बरुआसागरची गाडी १,२००. एकूण ४,००० रुपये. ओरछ्यात खोली १,१०० रुपयांची घेतली, तर भाडे २,२०० झाले. स्टेशनवरून ओरछ्याला पोहोचायला ४००. तिथले महाल आणि देवळे पायीच पाहून होतात. परतीच्या दिवशी सामानासकट ओरछा-बरुआसागर-झाशी स्टेशन अशी एकच गाडी १,३०० रुपयांना केली, तर बेरीज ३,९०० येते. महागडी वाटणारी खोली शंभर रुपयांनी स्वस्त पडली आणि रोजची येजा वाचली. अर्थात यासाठी परतीची गाडी संध्याकाळी किंवा रात्री असायला हवी.

हाच हिशेब एकटीने प्रवास करणाऱ्या मुलीसाठी मांडला, तर तो फिरतो. तिला पूर्ण खोलीचे भाडे एकटीला भरावे लागते. शिवाय आपल्याकडच्या अनेक धर्मशाळांत आणि भक्तनिवासांत एकट्या व्यक्तीला खोली देतच नाहीत. कुटुंब असेल तर या, असे स्पष्ट सांगतात. युरोपातले होस्टेल एकट्याचाच विचार करून उभे राहिले, आपली धर्मशाळा यात्रेला निघालेल्या कुटुंबाचा. दोन्हींची आपापली बाजू आहे, पण बिनसोबतीच्या मुलीला रात्री नऊ वाजता दारातून परत पाठवणे हे कोणत्याही धर्मशाळेला शोभत नाही. तेव्हा एकटीने जायचे असेल तर 'एकट्या महिलेला खोली देता का' हे फोनवर विचारावे, उत्तर देणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे आणि होकार मेसेजवर मागून घ्यावा. चौघींनी मात्र एक मोठी खोली घेतली, तर होस्टेलच्या चार खाटांपेक्षा ती बहुधा स्वस्तच पडेल. युरोपातही तीन-चार जणांच्या घोळक्याने खाटांऐवजी साध्या हॉटेलातली मोठी खोली किंवा छोटे घर घेऊन पाहावे. होस्टेल म्हणजे स्वस्त, हे समीकरण फक्त एकट्याच्या बाबतीत खरे आहे.

ऋतू आणि रामराजा

बुंदेलखंडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत शंभर-दोनशे रुपये वाचवून पंख्याची खोली घेणारा दुसऱ्या दिवशी फिरण्याच्या लायकीचा राहत नाही. कूलर आहे का, वीज गेल्यावर जनरेटर किंवा इन्व्हर्टरवर तो चालतो का, हे विचारलेच पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत उलटा प्रकार. कडाक्याची थंडी, गरम पाणी ठरावीक वेळेतच आणि धुक्यामुळे गाड्यांना कित्येक तासांचा उशीर. दुपारी पोहोचणारी गाडी मध्यरात्री पोहोचली तर लॉजचे दार उघडणार का? खोली ठेवणार का? रद्द करण्याची अट इथे खरी कामाला येते.

ओरछ्यात राम हा राजा म्हणून पूजला जातो. त्याला पोलिसांची सलामी दिली जाते. रामनवमी आणि मार्गशीर्षातली विवाहपंचमी या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते. पुष्य नक्षत्राच्या दिवशीही दर्शनाला मोठी गर्दी लोटते. पंचांग पाहून मुहूर्त काढणारे आपण, खोली घेण्याआधीही एकदा पंचांग उघडावे. उत्सव पाहायचाच असेल तर गोष्ट वेगळी, पण मग झाशीत राहण्याची तयारी ठेवावी.

ओळखीच्या जागी काय आले?

कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांची हकिगत 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली छापली गेली. त्यांच्या काळी प्रवाशाचा आसरा म्हणजे ओळखीचे घर, देऊळ, नाहीतर सराई. गावात आपला माणूस असेल, तर जागा कशी आहे हे तोच सांगे. आज ते काम अनोळखी माणसांनी लिहिलेले अभिप्राय करतात. ते वाचायलाही थोडी हुशारी लागते. सगळेच 'अप्रतिम' म्हणत असतील तर जपून. मधले, दोन-तीन ताऱ्यांचे अभिप्राय आधी वाचावेत, गेल्या तीन-चार महिन्यांतलेच वाचावेत आणि आपल्यासारख्या कुटुंबाने काय लिहिले आहे ते पाहावे. बागेचे आणि स्वागतकक्षाचे दहा फोटो आणि न्हाणीघराचा एकही नाही, असे असेल तर त्याचा अर्थ सांगायला नको.

पैसे भरताना अधिक सावध असावे. तीर्थक्षेत्रांच्या भक्तनिवासांच्या आणि हॉटेलांच्या नावाने खोट्या वेबसाइट काढून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार देशभर झाले आहेत. सरकारी पर्यटकगृहाचे बुकिंग करायचे तर महामंडळाच्या अधिकृत जागीच करावे. लॉजचा मालक व्यक्तिगत नावाच्या खात्यावर किंवा कोडवर पूर्ण रक्कम 'आत्ताच' मागू लागला, तर फोन ठेवून द्यावा. एका रात्रीचे आगाऊ, बाकी पोहोचल्यावर, एवढे ठरवणे दोघांनाही सोयीचे. फसवणूक झालीच तर १९३० या सरकारी सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पैसा पुढे सरकण्याआधी कळवले, तर तो थांबवता येण्याची शक्यता असते. ओळखपत्र प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे लागते. आधार द्यायचेच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत आधारच्या संकेतस्थळावरून काढून न्यावी.

आणि खोली सोडायची वेळ विचारायला विसरू नये. काही ठिकाणी आल्यापासून चोवीस तास धरतात, काही ठिकाणी दुपारी बाराला दार वाजवतात. बारावाल्या ठिकाणी राहत असाल तर परतीच्या दिवशी सकाळी आठलाच सामान गाडीत टाकून बरुआसागरची वाट धरावी. जराईचा मठ आधी पाहावा, किल्ल्याची चढण ऊन वाढण्यापूर्वी उरकावी आणि जेवण झाशीला परतताना घ्यावे. बाजारातले ताजे आले पावशेर घ्यायला हरकत नाही, फक्त ते कपड्यांच्या बॅगेत ठेवू नये.