शिरेवाटे मूलपेशी टोचण्याचा उपचार व त्यांतील धोके

जनावर लंगडूं लागलें, गाईची कास सुजली, किंवा राखणीच्या कुत्र्याचे सांधे धरले, म्हणजे धन्याचें मन नव्या उपायाकडे सहज ओढलें जातें. अलीकडे पशुवैद्यकांत ‘मूलपेशी’ नांवाच्या उपचाराचा बराच बोलबाला झाला आहे. त्याची भलामण किंवा निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु या पेशी सांध्यांत टोचणें निराळें व शिरेंतून रक्तांत सोडणें निराळें, हा भेद पशुपालकांच्या ध्यानांत आणून देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

शरीरांतील बहुतेक पेशींचें काम ठरलेलें असतें. मूलपेशींचें तसें नाहीं. त्यांपासून हाड, कूर्चा, चरबी अशा निरनिराळ्या पेशी तयार होऊं शकतात, व दाह कमी करणारे पदार्थही त्या स्रवतात. उपचारासाठीं त्या बहुधा चरबींतून किंवा हाडांतील मगजांतून काढतात, प्रयोगशाळेंत वाढवितात, आणि लक्षावधींच्या संख्येनें टोचतात.

पहिला धोका फुफ्फुसांचा. शिरेंत घातलेला पदार्थ प्रथम हृदयाच्या उजव्या बाजूस येतो व तेथून थेट फुफ्फुसांत जातो. तेथील केशवाहिन्यांची रुंदी मिलिमीटरच्या सुमारें ५ ते १० सहस्रांश असते. गाईच्या रक्तांतील तांबडा कण ५ ते ६ सहस्रांशांचा व लवचीक असल्यामुळें त्यांतून निसटतो. प्रयोगशाळेंत वाढविलेली मूलपेशी मात्र सुमारें १५ ते ३० सहस्रांशांची असते. पाटाच्या पाण्याबरोबर आलेला पालापाचोळा जसा मोरीच्या तोंडाशीं तुंबतो, तशा या पेशी तेथें अडकतात. उंदरांवरील जे प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाले, त्यांत बहुसंख्य पेशी फुफ्फुसांतच राहिल्याचें आढळलें. म्हणजे औषध मूत्रपिंडासाठीं दिलें, तरी त्याचा पहिला मुक्काम फुफ्फुसांत पडतो. थोड्या पेशी अडकल्यास जनावर तें बहुधा सोसतें. परंतु पेशींचे गोळे झाले असतील, संख्या फार असेल, किंवा टोचणी घाईनें झाली, तर श्वास कोंडून जिवावर बेतूं शकतें.

दुसरा धोका रक्त गोठण्याचा. जखम झाली असतां रक्त थांबावें म्हणून शरीराच्या कित्येक पेशींवर रक्त गोठविणारा एक घटक असतो. तो मूलपेशींवरही असतो. जखमेंत जो गुण तारक, तोच वाहत्या रक्तांत मारक होऊन गुठळ्या होण्याचें कारण होतो.

तिसरा धोका पेशींच्या सांठवणीचा. कृत्रिम रेतनाच्या कांड्यांप्रमाणें या पेशीही द्रवरूप नायट्रोजनांत गोठवून ठेवतात. त्यासाठीं वापरलेलें रसायन व गोठण्यानें दुखावलेल्या पेशी यांचा उपद्रव होऊं शकतो. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्य विद्यापीठांत जुनाट मूत्रपिंडविकाराच्या मांजरांवर झालेले प्रयोग २०१३ सालीं प्रसिद्ध झाले. गोठविलेल्या पेशी वितळवून वाढत्या मात्रेनें दिल्या, तेव्हां कांहीं मांजरांस उलट्या झाल्या व श्वास जलद झाला. पुढें गोठविलेल्या चरबींतून ताज्या पेशी वाढवून दिल्या, तेव्हां हे त्रास दिसले नाहींत. मात्र रोगासही म्हणण्यासारखा उतार पडला नाहीं.

याखेरीज, जिवंत पेशी उकळून निर्जंतुक करतां येत नाहींत. म्हणून प्रयोगशाळेंतील ढिलाई थेट रक्तांत उतरते. पेशी दुसऱ्या जनावराच्या असल्यास शरीर त्यांस परकें मानतें, व पुन्हां टोचतांना प्रतिक्रिया अधिक तीव्र होण्याचा संभव असतो. त्या वाढवितांना बहुधा वासराच्या गर्भाच्या रक्ताचें सीरम वापरतात; त्याचा अंशही इतर जातींच्या जनावरांस बाधूं शकतो.

यास्तव अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २०१५ सालीं मार्गदर्शिका काढून अशा पेशींची गणना औषधांत केली. युरोपीय संघांत २०१९ सालीं घोड्यांसाठीं मूलपेशींचें पहिलें औषध मंजूर झालें. तें सांध्यांत टोचावयाचें आहे, शिरेंत नव्हे.

तेव्हां कोणी हा उपचार सुचविल्यास पशुपालकानें न संकोचतां विचारावें: पेशी कोणाच्या व कोठें वाढविलेल्या? जंतुपरीक्षा झाली काय? शिरेवाटेंच देण्याचें कारण काय? टोचणी सावकाश होईल ना? श्वास अडल्यास प्राणवायु व औषधें हाताशीं आहेत काय? टोचल्यावर जनावर धापा टाकूं लागलें, बेचैन झालें, उलट्या करूं लागलें किंवा हिरड्या निळसर दिसल्या, तर टोचणी तत्काळ थांबवावयास पाहिजे. पशुवैद्य निघून गेल्यावर अशीं लक्षणें दिसल्यास त्यास विनाविलंब बोलवावें.

ज्या पशुवैद्यास या प्रश्नांचीं उत्तरें देतां येतात, त्याच्यावर भरंवसा ठेवावा. ज्यास तीं देतां येत नाहींत, त्याच्या हातीं आपल्या जनावराची शीर देऊं नये, इतकेंच आमचें सांगणें आहे.