टायरची बाजू वाचा, मगच पैसे मोजा

छोट्या गाडीच्या टायरवर १६५/८० आर १४ ८५टी असं छापलं असेल, तर :

● १६५ : रुंदी, मिलिमीटरमध्ये
● ८० : बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ८० टक्के
● आर १४ : रेडियल बांधणी, १४ इंची रिम
● ८५टी : कमाल भार ५१५ किलो, कमाल वेग ताशी १९० किमी
● बाजूवरचा वेगळा चार अंकी आकडा, उदा. २३२४ : २०२४च्या २३व्या आठवड्यातलं उत्पादन. दुकानात पडून जुना झालेला टायर इथेच पकडा.
● डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह : बर्फात चाचणी झालेला ऑल-सीझन किंवा विंटर टायर. काश्मीर-हिमाचलात कामाचा; कोकणात, घाटात मात्र पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल खाचा बघा.
● खाचेतला उंचवटा : नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली, की खोली १.६ मिमी उरते. टायर बदलाच.