हक्काचा उपचार, तोही रांगेत न ताटकळता

तानसेच्या काठी अकलोलीच्या गरम कुंडांत सांधे शेकायला येणाऱ्यांत म्हातारी माणसं बरीच. दवाखान्यातही आपले काही हक्क आहेत, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २० नुसार सरकारी रुग्णालयात साठीपुढच्यांसाठी वेगळी रांग हवी. खाटा मात्र ‘शक्य तितक्या’. ही पळवाट बुजवायलाच हवी. अपंगांसाठीचा २०१६ चा कायदा जास्त ठाम आहे. कलम २५ प्रमाणे तपासणीत आणि उपचारात त्यांना प्राधान्य, आणि खासगी रुग्णालयातही अडथळ्याविना वावर. म्हणजे दारात दोन पायऱ्या असतील, तर शेजारी उतार हवाच.

ऐपत नसेल तर धर्मादाय रुग्णालयांचा आधार. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार तिथे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत.

हक्क डावलला गेला तर? अपंग व्यक्तीला उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो (विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२). विधी सेवेचा क्रमांक १५१००. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. दवाखान्याने नकार दिला, तर तो लेखी मागा. पुढे वकिलाच्या हाती तोच कागद लागतो.