सिकलसेल आजारातील गंभीर फुप्फुसविकार : प्रौढ रुग्णांवरील उपचार

प्रस्तावना : सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार महाराष्ट्रात विदर्भ व नंदुरबार परिसरात अधिक आढळतो. प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद करतात. फुप्फुसात असे घडल्यास 'ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम' ही जीवघेणी अवस्था उद्भवू शकते.

लक्षणे : ताप, खोकला, छातीत दुखणे व धाप यांमुळे ती साधा न्यूमोनिया वाटते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात जवळजवळ निम्मे रुग्ण प्रथम अन्य कारणासाठी, मुख्यतः अंगदुखीसाठी, दाखल झालेले आढळले.

उपचार : प्राणवायू, प्रतिजैविके, वेदनाशमन आणि प्रकृती खालावल्यास रक्त देणे किंवा रक्तबदल करणे, हे मुख्य उपचार होत. येथे प्रमाण सांभाळावे लागते. सलाईन अधिक झाल्यास फुप्फुसात पाणी साचते. वेदना न शमल्यास रुग्ण खोल श्वास घेत नाही, तर तीव्र वेदनाशामकाच्या अतिरेकाने श्वास मंदावतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्या प्रौढांत या अवस्थेचे प्रमाण सुमारे निम्मे आढळले.

समारोप : २०२३ पासून राष्ट्रीय मोहिमेत तपासणी होऊन कार्ड दिले जाते. वसतिगृहातील सिकलसेलग्रस्त विद्यार्थ्यास ताप व धाप आढळल्यास ते कार्ड घेऊन त्याला तत्काळ रुग्णालयात नेणे, हीच उपचाराची पहिली पायरी होय.