जाळ्यातील देवघेव – लेखांक ९ : मधल्या अडत्याची वही

मागील लेखांकात फाइलींच्या आपापसांतील देवघेवीची पद्धत पाहिली, म्हणजे कोणत्याही मध्यवर्ती संगणकावर न विसंबता असंख्य वापरकर्त्यांनी एकमेकांना थेट फाइली कशा पुरवाव्यात ते पाहिले. ब्रॅम कोहेन या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने २००१ मध्ये तयार केलेल्या बिटटोरेंटमध्ये घेणारा प्रत्येक जण त्याच वेळी देणाराही असतो. या पद्धतीचे बळ जिथे आहे तिथेच तिचा उघडेपणाही आहे, कारण एकमेकांचा पत्ता कळल्यावाचून ही देवघेव होऊच शकत नाही. तो पत्ता कोणाकोणाला दिसतो, आणि तो झाकण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रॉक्सीने नेमके काय झाकले जाते व काय उघडेच राहते, हा प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे.

टोरेंट फाइलीत मूळ पुस्तक, चित्रफीत किंवा प्रोग्राम नसतो. तिच्यात मूळ फाइलीचे नाव, तिच्या तुकड्यांचा आकार आणि प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची खूण, असा तपशील असतो. या सर्व माहितीची मिळून आणखी एक खूण काढली जाते, जी मूळच्या पद्धतीत चाळीस चिन्हांची असते, आणि देवघेवीच्या जगात फाइल याच खुणेने ओळखली जाते. वापरकर्त्याचा प्रोग्राम ही खूण ट्रॅकर नावाच्या नोंदणी-संगणकाला कळवतो आणि उत्तरादाखल त्याला त्याच फाइलीच्या मागे असलेल्या इतरांची यादी मिळते. या यादीतील एकेक नोंद सामान्यतः अवघ्या सहा बाइटांची असते. त्यांपैकी चार बाइट आयपी पत्त्याचे, म्हणजे जाळ्यावरील जोडणीला मिळालेल्या क्रमांकाचे असतात, आणि उरलेले दोन पोर्ट क्रमांकाचे, म्हणजे त्या जोडणीवरील कोणत्या दारावर ठोठवायचे ते सांगणारे. त्यात नाव नाही, गाव नाही, फोन नंबर नाही. तरीही ही यादी मागण्याची मुभा कोणालाही असते आणि मागणाऱ्याला ती फाइल खरोखरच हवी आहे की नाही हे कोणी विचारत नाही. फ्रान्समधील इन्रिया या संशोधनसंस्थेच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी एकाच संगणकावरून १०३ दिवस अशा याद्या मागत राहून सुमारे १४ कोटी ८० लाख आयपी पत्ते आणि त्या पत्त्यांवरून काय उतरवले जात होते याची माहिती गोळा केली. त्यासाठी त्यांना कोठेही घुसखोरी करावी लागली नाही. जे जाळे विचारणाऱ्या कोणालाही सांगते, तेच त्यांनी सातत्याने विचारले.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील वापरकर्त्याच्या बाबतीत हा पत्ता काय सांगतो, हे थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे. बेळगाव, खानापूर, चिकोडी, संकेश्वर आणि निपाणी हा सारा पट्टा दूरसंचाराच्या दृष्टीने कर्नाटक परिमंडळात मोडतो, आणि कोगनोळीचा टोलनाका ओलांडून कागलच्या हद्दीत शिरले की महाराष्ट्र व गोवा परिमंडळ लागते. आयपी पत्त्यावरून ठिकाण सांगणाऱ्या सेवा कंपनीने तो पत्ता कोठे नोंदवला आहे यावरून अंदाज बांधतात. त्यामुळे निपाणीत बसून मराठी पुस्तक उतरवणारा माणूस त्यांच्या लेखी बंगळूरचा ठरू शकतो. या चुकीला गोपनीयता समजण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो निराधार आहे. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता शेकडो ग्राहकांत वाटून वापरतात हे खरे. परंतु अमुक वेळी अमुक पोर्टावरून गेलेली जोडणी कोणत्या ग्राहकाची होती, याची नोंद कंपनीकडे असते आणि डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटींत झालेल्या दुरुस्तीनुसार अशा नोंदी किमान दोन वर्षे जपून ठेवणे कंपनीवर बंधनकारक आहे. पत्ता, पोर्ट आणि वेळ या ज्या तीन गोष्टी देवघेवीतील प्रत्येक जोडीदाराच्या संगणकावर आपोआप उमटतात, त्याच तीन गोष्टी कंपनीच्या दप्तरातून सिमकार्डधारकाचे नाव काढायला पुरेशा असतात. तपासयंत्रणेला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली, ती नोंद मागवता येते.

गोपनीयता हवी असणारा तो चोरच, हे समीकरण मात्र मुळातच चुकीचे आहे. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले आणि भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांसाठी खुले होत असल्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांची छायांकित प्रत कोणीही कोणालाही देऊ शकतो. याउलट, बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ अध्यापन करणारे पु. ल. देशपांडे २००० साली निवर्तले आणि त्यांच्या लेखनावरील हक्क २०६० अखेरपर्यंत अबाधित आहेत, ही गोष्ट त्यांची पुस्तके पेन ड्राइव्हवरून बिनदिक्कत फिरवणाऱ्यांच्या गावीही नसते. हक्कभंगासाठी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड सांगितला आहे, आणि टोरेंटमध्ये उतरवणारा आपोआप वाटपही करत असल्याने त्याची बाजू अधिकच लंगडी पडते. प्रॉक्सी लावल्याने या स्थितीत काडीचाही फरक पडत नाही.

या दोहोंखेरीज तिसरा एक वर्ग आहे आणि सीमाभागात तो दुर्लक्षून चालणार नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासूनची पत्रके, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाची छायाचित्रे, सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून चालू असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याची कागदपत्रे अशी सामग्री जतन करून अभ्यासकांपर्यंत पोहोचवू पाहणाऱ्याने कोणताही कायदा मोडलेला नसतो. तरीही भाषेच्या प्रश्नावरून एका रात्रीत वातावरण तापणाऱ्या मुलखात, आपल्या घराच्या जोडणीचा क्रमांक अशा फाइलीशेजारी कोणाही अनोळखी माणसाला दिसू नये, ही त्याची इच्छा पूर्णपणे रास्त आहे.

अशा माणसाला सुचवला जाणारा पहिला उपाय म्हणजे प्रॉक्सी, म्हणजे त्याच्या वतीने इतरांशी जोडणी करणारा मधला संगणक. बाजार समितीतील अडत्याशी त्याचे बरेच साम्य आहे. खरेदीदाराला माल कोणत्या शेतातला हे कळण्याची गरज पडत नाही, पण अडत्याच्या वहीत शेतकऱ्याचे नाव, वजन आणि भाव हे सारे लिहिलेले असते. प्रॉक्सी वापरल्यावर जोडीदारांच्या यादीत प्रॉक्सीचा पत्ता दिसतो आणि मूळ वापरकर्त्याचा पत्ता प्रॉक्सीपाशी राहतो; म्हणजे साक्षीदार नाहीसा होत नाही, तो बदलतो. त्यातही एचटीटीपी प्रॉक्सी ही मुळात संकेतस्थळे पाहण्यासाठी घडवलेली असल्याने देवघेवीसाठी अपुरी पडते, तर १९९६ साली प्रमाणित झालेली सॉक्स-५ ही पद्धत कोणत्याही प्रकारची रहदारी पुढे नेऊ शकते आणि म्हणून टोरेंटच्या प्रोग्रामांत तीच सहसा निवडली जाते. मात्र सॉक्स-५ मध्ये स्वतःचे कूटलेखन नाही. वापरकर्ता आणि प्रॉक्सी यांच्यामधला रस्ता इंटरनेट कंपनीला पूर्वीइतकाच उघडा असतो. थोडक्यात, सहवापरकर्त्यांपासून पत्ता लपतो, कंपनीपासून व्यवहार लपत नाही. ‘लपायचे कोणापासून’ हा प्रश्न आधी न विचारता साधन निवडणारे बहुतेक जण येथेच फसतात.

याहून सूक्ष्म अडचण प्रॉक्सीत नसून खुद्द देवघेवीच्या प्रोग्रामात आहे, आणि ती पुरावा देऊन दाखवण्याचे श्रेय पुन्हा इन्रियाच्याच संशोधकांकडे जाते. टॉर हे जाळे एकामागून एक तीन मध्यस्थांमधून रहदारी नेते आणि दर टप्प्यावर कूटलेखनाचा एक थर उतरवते, म्हणजे साध्या प्रॉक्सीपेक्षा ते कितीतरी भक्कम आहे. असे असूनही या संशोधकांनी टॉरमागून टोरेंट चालवणाऱ्यांचे सुमारे १० हजार खरे आयपी पत्ते २३ दिवसांत शोधून काढले, आणि त्यासाठी टॉरचे कूटलेखन फोडण्याची गरजच पडली नाही. काही प्रोग्राम ट्रॅकरला पाठवायच्या मजकुरातच स्वतःचा खरा पत्ता लिहीत होते. बंद पाकिटात सुरक्षितपणे गेलेली ती चिठ्ठी शेवटच्या टप्प्यावर जशीच्या तशी वाचता येत होती. दुसरा मार्ग अधिक मासलेवाईक होता. ट्रॅकर नसला तरी जोडीदार सापडावेत म्हणून वापरकर्त्यांच्याच संगणकांवर विखरून ठेवलेली एक सामायिक नोंदवही असते, जिला डीएचटी म्हणतात. ही नोंदवही यूडीपी नावाच्या, पोच न मागता संदेश धाडणाऱ्या पद्धतीवर चालते आणि टॉर केवळ टीसीपीची, म्हणजे पोच घेत चालणाऱ्या पद्धतीची, रहदारी वाहून नेते. परिणामी एकच प्रोग्राम ट्रॅकरशी टॉरमधून दबक्या आवाजात बोलत असे आणि त्याच वेळी डीएचटीमध्ये थेट आपल्या खऱ्या पत्त्यानिशी नाव नोंदवत असे. दोन्हीकडे सांगितलेला पोर्ट क्रमांक एकच असल्यामुळे, एका फाइलीच्या मर्यादित मंडळींत तो क्रमांक जुळवला की मुखवटा आणि चेहरा यांची गाठ पडत असे. इतकेच नव्हे, तर त्या वापरकर्त्याची त्याच मार्गिकेतून चाललेली इतर रहदारी, म्हणजे तो ब्राउझरमध्ये काय पाहत होता तेही, त्या पत्त्याशी जोडता येत होते. टॉर प्रकल्पाने २०१० मध्येच टोरेंटसाठी टॉर वापरू नये असे जाहीरपणे सांगितले, त्यामागे हे कारण होते आणि स्वयंसेवकांनी चालवलेल्या त्या जाळ्यावर पडणारा बोजा हेही होते.

साध्या प्रॉक्सीला हाच धडा लागू पडतो. सॉक्स-५ च्या नियमांत यूडीपीची सोय असली तरी प्रॉक्सी भाड्याने देणारे अनेक जण ती पुरवत नाहीत, आणि प्रोग्रामने तशी मुभा ठेवली असेल तर अडलेली रहदारी प्रॉक्सीला वळसा घालून थेट बाहेर पडते. क्यूबिटटोरेंट या मुक्त प्रोग्रामच्या जोडणीविषयक मांडणीच्या पानावर प्रॉक्सीचा प्रकार, पत्ता आणि पोर्ट भरायच्या चौकटींखाली ज्या खुणेच्या चौकटी असतात त्यांपैकी दोन महत्त्वाच्या. एक जोडीदारांशी होणाऱ्या जोडण्याही प्रॉक्सीमधूनच न्याव्यात यासाठी आणि दुसरी संकेतस्थळांच्या नावांचा शोध प्रॉक्सीकडून करवून घेण्यासाठी. पहिली खूण न करता केवळ पत्ता भरून समाधान मानणाऱ्याचा ट्रॅकरशी होणारा संवाद प्रॉक्सीतून जातो खरा, पण फाइलीचे तुकडे मात्र त्याच्या घरच्या पत्त्यावरूनच ये-जा करत राहतात. आयपीच्या सहाव्या आवृत्तीची भर पडल्यापासून हा प्रश्न आणखी वाढला आहे, कारण भारतातील मोबाइल जोडण्यांवर ती सर्रास असते, तिचे पत्ते शेकडो ग्राहकांत वाटले जात नाहीत, आणि केवळ चौथ्या आवृत्तीचाच विचार करून बसवलेल्या प्रॉक्सीच्या बाजूने ती निसटू शकते. म्हणून आपला कोणता पत्ता जोडीदारांना दिसतो हे दाखवणाऱ्या चाचणी-टोरेंटवर एकदा खात्री करून घेणे हे कोणत्याही जाहिरातीवर विश्वास ठेवण्यापेक्षा बरे. ज्याला संगणकाची सगळीच रहदारी कूटबद्ध करून हवी आहे त्याच्यासाठी व्हीपीएन हे वेगळे साधन आहे आणि प्रोग्रामला केवळ त्याच जोडणीला बांधून ठेवता येते, मात्र वही तेथेही कोणाच्या तरी हातात असतेच.

फुकटच्या प्रॉक्सींविषयी फार लिहिण्याची गरज नाही. त्या कोण चालवतो आणि कशासाठी, हे ठाऊक नसते. तुकड्यांच्या हॅशमुळे मजकुरातील भेसळ लगेच उघडकीस येते, पण कोणी काय नेले याची टिपणे ठेवण्यापासून अशा मालकाला कोणतेही गणित रोखत नाही. महाविद्यालयांच्या आणि कचेऱ्यांच्या जाळ्यांत भेटणारी प्रॉक्सी तर मुळातच देखरेखीसाठी बसवलेली असते, आणि स्क्विडसारख्या प्रोग्रामची नोंद-फाइल कोणत्या यंत्रावरून किती वाजता काय मागवले गेले ते ओळीओळीने लिहून ठेवते. बेळगाव हे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे ठाणे असूनही, प्रॉक्सी म्हणजे आडोसा हा गैरसमज विद्यार्थ्यांतही आढळतो, ही नवलाची गोष्ट म्हणावी लागेल.

कायद्याच्या बाजूने पाहता कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. प्रॉक्सी किंवा व्हीपीएन वापरणे हा देशात सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. परंतु २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संगणक-सुरक्षा संस्थेने काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवा, माहिती-केंद्रे आणि आभासी सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपन्या यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्यामागचे कारण यांची नोंद ठेवणे आवश्यक झाले, आणि त्यानंतर एक्सप्रेस-व्हीपीएन, सर्फशार्क व नॉर्ड-व्हीपीएन यांनी भारतातील आपले सर्व्हर काढून घेतले. निपाणीतील एखाद्या जाणकाराने परक्या प्रॉक्सीवर विसंबायला नको म्हणून मुंबईतील सर्व्हर भाड्याने घेतला आणि त्यावर स्वतःची सॉक्स-५ प्रॉक्सी उभी केली, तर जोडीदारांच्या यादीतून त्याचा घरचा पत्ता निश्चितच जातो. त्या सर्व्हरचा पत्ता मात्र त्याच्या एकट्याच्याच नावे असतो, शेकडो ग्राहकांच्या गर्दीत मिसळलेला नसतो, आणि निर्देशांप्रमाणे त्याने सेवा बंद केल्यानंतरही ती नोंद पाच वर्षे राहते, म्हणजे त्याच्या इंटरनेट कंपनीवर बंधनकारक असलेल्या दोन वर्षांच्या किमान मुदतीच्या अडीचपट.