किनारीचं भांडण

पाच-सहा खिळे घ्या आणि एकावर एक आडवे रचून पाहा. टोकांकडे ते मिटतात, डोक्यांकडे फुलतात, आणि रचना पंख्यासारखी वाकडी होत जाते. आता वरचा खिळा टोकाच्या दिशेनं सरकवा. त्याचं डोकं खालच्याच्या डोक्यामागे असेल तर तो तिथंच अडतो. .२२ रायफलीचं मॅगझिन बनवणाऱ्यांना ही दोन्ही दुखणी पहिल्यापासून छळत आली आहेत.

आयर्लंडमध्ये या रायफलीला विशेष मान आहे, आणि त्यात राजकारणाचा हात मोठा. उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार भडकलेला असताना, ऑगस्ट १९७२ मध्ये, आयर्लंडच्या सरकारनं सगळी पिस्तुलं आणि .२२ पेक्षा मोठ्या कॅलिबरच्या रायफली ‘तात्पुरत्या’ जमा करून घेतल्या. आदेश महिन्याभराचा होता. पिस्तुलांना पुन्हा परवाने मिळायला २००४ उजाडलं. ‘तात्पुरतं’ या शब्दाचा सरकारी अर्थ सगळीकडे सारखाच असावा. मधल्या काळात शेतातले ससे हाकायला रायफलींत उरली ती मुख्यतः .२२.

तिचं काडतूस ‘रिमफायर’ जातीचं. पुंगळीचा व्यास सुमारे ५.७ मिलिमीटर, पण बुडाची किनार ७ मिलिमीटरची. ठिणगी पाडणारं मिश्रण याच पोकळ किनारीत असतं. कारखान्यात ते ओलं असतानाच पुंगळीत घालून ती गरगर फिरवतात, म्हणजे ते कडेला जाऊन बसतं. फायरिंग पिन किनार चेचते आणि बार उडतो. त्यामुळे ‘अडचण होते तर किनार छाटून टाका’ असं म्हणायची सोय नाही. काडतुसाचा जीवच तिच्यात आहे.

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये कांस्यपदक मिळवलं, ते याच जातीच्या काडतुसावर. पण स्पर्धेत एका वेळी एकच काडतूस हातानं भरायचं असतं. तिथं खिळ्यांच्या ढिगाचा प्रश्नच येत नाही. ससा मात्र तेवढा वेळ देत नाही.

पेटीसारख्या साध्या मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची किनार खालच्याच्या अंगावर टेकते. दर काडतुसाला मागची बाजू अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त उचलली जाते. दहाव्यापर्यंत हा फरक सहा मिलिमीटरवर जातो. म्हणून पेटी तिरकी किंवा वळणदार करावी लागते. भरताना प्रत्येक किनार खालचीच्या पुढे ठेवायची. एक जरी मागे राहिली तरी अडकलंच. त्यात गोळी मऊ शिशाची, वर मेणाचा हात. वरचं काडतूस धरून ठेवणारे पेटीचे पत्र्याचे ओठ पडझडीत जरा वाकले, की गोळीचं नाक चेंबरच्या काठावर आपटतं आणि शिसं खरवडलं जातं.

१९६४ मध्ये अमेरिकेतल्या रुगर कंपनीनं १०/२२ रायफल आणली, तेव्हा तिनं ढीगच मोडीत काढला. तिच्या मॅगझिनमध्ये खाचांची चक्री आहे. राहाटगाडग्यात प्रत्येक गाडग्याची जागा ठरलेली असते, तशी इथं प्रत्येक काडतुसाला स्वतःची खाच. किनार किनारीला भेटतच नाही, मग भांडणार कशी? कल्पना जुनीच, मानलिखर-शोनाउअरच्या रायफलीत ती १९०३ पासून होती. रुगरनं ती स्वस्त काडतुसासाठी, प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत बसवली आणि ओठ मात्र पोलादाचे ठेवले. मला या रचनेतली सर्वांत शहाणी गोष्ट हीच वाटते: जिथं अचूकपणा लागतो तिथंच धातू खर्च केला.

दहा गोळ्या असूनही ही डबी रायफलीच्या लाकडी दस्त्याच्या पोटात गडप होते, खाली लोंबत नाही. आयर्लंडमध्ये हे दहाचं माप सोयीचं पडतं, कारण तिथल्या नियमांत अर्ध-स्वयंचलित रिमफायरसाठी साध्या परवान्याची मर्यादाही दहाचीच आहे.

तरी चक्रीला स्वतःचा त्रास आहे. मेण, काजळी आणि शिशाचा चुरा खाचांत साचतो, ती जड फिरायला लागते. साफ करायला पुढचा स्क्रू काढला, की आतली पिळलेली स्प्रिंग एका क्षणात मोकळी होते आणि चक्री हातातल्या हातात गर्रकन फिरते. परत जोडताना पीळ मोजून द्यावा लागतो. कमी पडला तर शेवटची काडतुसं वर येत नाहीत. जास्त झाला तर पहिलंच ओठांत घट्ट रुतून बसतं.