दहा नंबरची जी सो-यून : भाग ७ – खो देणारी फॉरवर्ड

दक्षिण कोरियाच्या या फुटबॉलपटूबरोबर आज चेल्सी क्लबात जायचं ठरलं होतं. जाणं रद्द. कळमनुरीच्या एका क्रीडाशिक्षकांनी फोन करून मला वाटेतच अडवलंय. "सर, सहा आठवडे झाले, तुम्ही तिला फॉरवर्ड म्हणताय. मी मोबाइलवर बघतो तर ही बया सदा मैदानाच्या मध्यात! फॉरवर्डनं गोलाच्या तोंडाशी नको का राहायला?"

तक्रार रास्त आहे. शिक्षक खो-खोवाले, म्हणून उत्तरही खो-खोतूनच देतो. आक्रमकानं एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही. धावणारा पट्टीपलीकडे सटकला की मग खो. त्या बाजूला तोंड करून बसलेला गडी उठतो आणि पाठलाग पुढे चालू राहतो.

गोलाच्या तोंडाशी उभ्या फॉरवर्डची गतही तीच. पाठीला बचावपटू चिकटलेली, वळायला जागा नाही. जी सो-यून तिथं थांबतच नाही, दहा-पंधरा पावलं मागे येते. आता बचावपटूनं करायचं काय? तिच्यामागे जावं तर गोलापुढची जागा रिकामी, न जावं तर ही मोकळी. चेंडू आला की एका स्पर्शात खो. गोलाकडे तोंड असलेली मैत्रीण सुटते, सगळे तिच्यामागे धावतात आणि खो देणारीला विसरतात. इथंच फसतात. कागदावर तिला मिडफिल्डर लिहितात, लिहू द्या. सप्टेंबर २०२१मध्ये ताश्कंदला मंगोलियाविरुद्ध तिनं देशासाठी ५९वा गोल केला आणि चा बुम-कुनचा ५८ गोलांचा विक्रम मागे पडला. चा बुम-कुन म्हणजे पुरुष संघाचा दिग्गज स्ट्रायकर. मध्यात रेंगाळणाऱ्या बाईचा हा हिशेब!

ती ताश्कंदची स्पर्धा आशिया चषकाची पात्रता फेरी होती आणि चषक होता आपल्याकडे, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. तेव्हा सर, ३० जानेवारी २०२२चा सामना काढून बघा. बालेवाडी, उपांत्यपूर्व फेरी, समोर ऑस्ट्रेलिया. कोरियाची पेनल्टी चो सो-ह्यूननं बारवरून घालवलेली, पलीकडे सॅम करनं अगदी जवळून संधी दवडलेली. ही सॅम कर तेव्हा क्लबात जी सो-यूनचीच सोबतीण, पण तो चेल्सीचा विषय. ८७व्या मिनिटाला बॉक्सबाहेर चेंडू जीच्या पायाशी आला. या खेपेला खो नाही. थेट वरच्या कोपऱ्यात. १-०.

 हा सामना मी हिंगोलीत बसून मोबाइलवर बघितला.

अंतिम सामना ६ फेब्रुवारीला, नवी मुंबईत, चीनशी. कोरियाची ही पहिलीच फायनल. तारीख वाचून तुम्हाला वेगळंच आठवलं असेल. त्या सकाळी लतादीदी गेल्या. आमच्या घरी टीव्हीवर दिवसभर तेच, संध्याकाळी शिवाजी पार्क. फुटबॉल लावा म्हणायची माझी काय टाप! आतल्या खोलीत आवाज बंद करून बघत होतो. चोई यू-रीचा एक आणि जीचा पेनल्टीवरचा एक, मध्यंतराला २-०. नंतर चीननं चार मिनिटांत दोन्ही फेडले आणि भरपाई वेळेत श्याओ यूयीनं तिसरा मारला. माझ्या तोंडून "अरेरे" निघालं. बाहेरून बायकोनं विचारलं, "रडताय का हो?" मी हो म्हणालो. त्या दिवशी कुणी कारण विचारत नव्हतं.

चेल्सी पुढच्या आठवड्यात. कळमनुरीहून फोन आला नाही तर.